कादरसरांचा एकेचाळिसावा पाठ

मंठ्याच्या कादरसरांना कोडिंग शिकताना पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं, लॅपटॉपची दाढी चालली आहे. पडद्याच्या खालच्या कडेला निळ्या चौकड्यांचा मोठा रुमाल लावलेला असतो, दोन टोकांना कपडे वाळत घालायचे दोन चिमटे. रुमालाच्या आत सरांचे हात मनगटापर्यंत गेलेले. बाहेरून दिसतं ते इतकंच, की आत काहीतरी वळवळतंय आणि वर पडद्यावर अक्षरं उमटतायत. सर ताठ बसलेले, नजर समोर, पापणी जेमतेम हलते.

"कीबोर्डाकडं बघायचं न्हाई." हे वाक्य मंठ्यात आणि आसपासच्या खेड्यांत पस्तिशी ओलांडलेल्या प्रत्येक कारकुनानं, ग्रामसेवकानं आणि वकिलाच्या टायपिस्टनं ऐकलेलं आहे. मीही ऐकलंय. मी तहसील कचेरीत लिपिक आहे, आणि जी काही दहा बोटं माझं पोट भरतात ती कादरसरांनी वळवलेली आहेत. त्यांच्या टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये प्रत्येक मशीनवर पत्र्याचं झाकण असायचं, बोटं त्या झाकणाखाली जायची. झाकणाबाहेर मान वाकली की सर मागून येऊन हनुवटीखाली पट्टी धरायचे. मारायचे नाहीत. नुसती धरायचे. मान आपोआप वर.

आणखी एक. सर शिकायला आलेल्या कोणालाही एकेरीत बोलवत नसत. मी सोळा वर्षांची होते, दोन वेण्या घालून गेले होते, आणि सर म्हणाले, "या सुनंदाबाई, बसा." घरी येऊन मी आईला म्हटलं, मला आजपासून बाई म्हणायचं. आईनं भांडी घासायला लावली. पण सरांचं म्हणणं असं, की मशीनसमोर बसलेला माणूस मोठाच असतो, मंग तो कितवीत का असंना.

आता इन्स्टिट्यूटमध्ये कोणी येत नाही. पाटी तशीच आहे, सहा मशीनं कापड पांघरून रांगेनं बसलेली आहेत. सरांची बीबी गेल्याला सहा वर्षं झाली. तरी सर रोज बरोबर नऊला शटर वर करतात, मशीनं पुसतात आणि सातव्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसतात. कचेरीत जाताना मी दोन मिनिटं थांबते. कारण विचारलं तर सवय.

अडुसष्टाव्या वर्षी सर हे काय शिकतायत आणि कशासाठी, याची मंठ्यात बरीच चर्चा झाली. किराणा दुकानदार म्हणाला, सर परदेशी नोकरीला जाणार. कोणी म्हणालं, डोक्यावर परिणाम. सरांना विचारलं तर प्रत्येकाला वेगळं उत्तर. मला म्हणाले, "दिमागला जंग चढतो बाई. तेल घालून राह्यलो."

मला ते पटलं. त्यात खोटं वाटावं असं काही नव्हतं.

कोडिंग शिकवणारी ती साइट फुकट होती आणि मराठीतही होती. पाठ एकापुढे एक लावलेले. डाव्या हाताला वाचायचं, उजव्या हाताला लिहायचं, आणि लिहून झालं की वरचं हिरवं बटण दाबून बघायचं, चाललं की नाही. पहिल्याच आठवड्यात सरांना असा एक आनंद झाला, की ते मला सांगायला थेट कचेरीत आले. टेबलासमोर उभे राहून हळूच म्हणाले, "सुनंदाबाई, सेमीकोलन."

"काय झालं सर?"

"उजव्या हाताची करंगळी कुठं ठेवायची?"

"सेमीकोलनवर." हे मला झोपेतही विचारलं तरी सांगता येईल. इंग्रजी टायपिंगचा पहिला धडाच तो. डावीकडे ए एस डी एफ, उजवीकडे सेमीकोलन एल के जे.

"चाळीस वर्षं पोरं मला विचारत आली, सर, हे चिन्ह कोणत्या पत्रात येतं? अर्जात न्हाई, नोटिशीत न्हाई. मंग करंगळी तिथं कशाला? माझ्याकडं जवाब नव्हता. मी म्हणायचो, ठेवा म्हणलं तर ठेवा." सरांनी आवाज आणखी खाली आणला. "बाई, कोडमध्ये प्रत्येक ओळ सेमीकोलननं संपती. प्रत्येक ओळ. आपण बराबर होतो."

इतकं सांगून ते निघून गेले. पलीकडच्या टेबलावरच्या साहेबांनी विचारलं, कोणाचं काय संपलं म्हणाले?

पण साइटची मराठी काही सरांच्या पचनी पडेना. ती कोणी माणसानं लिहिलेली नव्हती, यंत्रानं करून टाकलेली होती. ज्या हिरव्या बटणानं लिहिलेलं कोड चालवायचं, त्यावर लिहिलं होतं 'पळा'. अक्षरांच्या मालिकेला 'दोरी' म्हटलं होतं, त्यामुळे एका पाठात 'खालील दोरी उलटी करून दाखवा' अशी सूचना होती. बराच वेळ काही टाइप केलं नाही की पडद्यावर यायचं, 'आपले सत्र मरण पावले आहे.' पहिल्यांदा ते आलं तेव्हा सरांनी लॅपटॉप मिटून ठेवला आणि तो दिवस अभ्यास केला नाही. म्हणाले, "कोण गेलं ते कळलं न्हाई, पण बरं दिसत न्हाई."

चौदाव्या पाठात तर भांडणच झालं. पानावरच्या एका चौकटीत तीन छोट्या चौकटी असतात, त्यांतली मधली दिसेनाशी करायची, असा तो पाठ. यंत्रानं लिहिलं होतं, 'या पालकाला तीन मुले आहेत. मधल्या मुलाला लपवा.'

"का म्हणून लपवा?" सर मला विचारत होते. "काय केलं त्यानं?"

"सर, चौकट म्हणायचंय त्यांना."

"मंग चौकट म्हणा. मूल कशाला म्हणता?" सर स्वतः तीन भावांतले मधले आहेत. त्यांनी तो पाठ तीन दिवस अडवून धरला.

त्यानंतर सरांनी पत्रव्यवहार सुरू केला. साइटच्या खालच्या कोपऱ्यात अभिप्राय द्यायची एक बारकी जागा होती. लोक तिथे 'छान' किंवा 'चालत नाही' असं लिहितात. सर तिथे शासकीय नमुन्यात पत्र लिहीत. आधी ते टाइपरायटरवर काढत, कार्बन लावून, मग त्यावर बघून साइटवर उतरवत. प्रत फाइलला, वर जावक क्रमांक. पहिलं पत्र मी वाचलंय.

'प्रति, माननीय व्यवस्थापक साहेब. विषय: पळा या शब्दाबाबत. संदर्भ: पाठ क्रमांक तीन, उजवीकडील वरचे हिरवे बटण. महोदय, उपरोक्त विषयान्वये सविनय सादर करण्यात येते की, अर्जदाराचे वय अडुसष्ट असून त्यास संधिवाताचा त्रास आहे. आपले बटण अर्जदारास दररोज पळावयास सांगते. सबब, पळा ऐवजी चालवा हा शब्द योजण्यात यावा, ही विनंती.'

लगेच उत्तर आलं: 'तुमचा आवाज आमच्यापर्यंत पोहोचला.'

"मी ओरडलो का?" सरांनी विचारलं. तरी त्यांनी त्याला आवक क्रमांक दिला.

अशी अकरा पत्रं गेली. अकरांना तेच उत्तर. आणि मग एका सोमवारी मी दारातून जात होते तर सरांनी नुसतं बोट करून आत बोलावलं. हिरव्या बटणावर लिहिलं होतं, 'चालवा'. सरांनी रुमालाचा एक चिमटा काढला, मला जागा दिली आणि म्हणाले, "दाबा. तुम्ही दाबा." मी दाबलं. त्यांनी खिशातून पुडी काढून मला अंजिराची बर्फी दिली. त्या दिवशी तहसील कचेरीत ज्याला ज्याला बर्फी मिळाली, त्यातल्या कोणालाही ती कशाची हे शेवटपर्यंत समजलं नाही.

रुमालाचा एक तोटा होता. लॅपटॉपला माऊसच्या जागी असतो तो बोट फिरवायचा चौकोन, तोही रुमालाखाली जायचा. स्वतंत्र माऊस सरांना मान्य नव्हता, कारण त्यासाठी हात जागेवरून उचलावा लागतो. तेव्हा ते तो चौकोनही न बघता चालवायचे आणि भलत्या ठिकाणी जाऊन पडायचे. एकदा बोट घसरलं आणि साइटची भाषाच बदलली. कुठली झाली कोणास ठाऊक, अक्षरांवर टिंबं आणि खाली शेपट्या. सर चार दिवस त्याच भाषेत शिकत राहिले. दोन पाठ पूर्णही केले.

"सर, समजत होतं का?"

"सूचना न्हाई समजल्या. पण कोड तर तेच हाय. अन् चुकलं की तांबडं होतं, बराबर आलं की हिरवं. याच्यापेक्षा जास्ती कोणी काय सांगतं?"

परत यायला मात्र त्यांना मला बोलवावं लागलं, कारण भाषा बदलायचं बटणही त्याच भाषेत होतं.

त्यानंतर सरांनी नकाशा काढला. जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या बाजूवर, पट्टीनं, दोन शाईंनी. मधे मुख्य पान. तिथून निघणाऱ्या वाटा: पाठ, सराव, चर्चा, प्रगती. वरच्या कोपऱ्यात तीन आडव्या रेघा असतात त्या दाबल्या की काय काय बाहेर पडतं, त्याचा वेगळा तक्ता. काही ठिकाणी लाल शेरे: 'येथून परतीचा मार्ग नाही.' 'हे बटण नुसतं शोभेचं.' आणि एका ठिकाणी: 'इथं जाहिरात आहे, बोलू नये.' नकाशा इतका चांगला होता की मी एकदा दुपारी डबा खाताना त्याच्यावरून साइटवर फिरून आले. कुठेही चुकले नाही.

चर्चेच्या पानावर शिकणारे आपापल्या अडचणी लिहितात. तिथेही सर जात. कोणी बिचारा लिही, माझं कोड चालत नाही, मी दोन दिवस डोकं फोडतोय. सर खाली विचारत, 'आपण बोटे कोठे ठेवता?' बहुतेक जण उत्तर देत नसत. एका मुलीनं कुठूनतरी लिहिलं, 'दोनच बोटांनी टाइप करते.' सरांनी तिला ए एस डी एफपासून शिकवायला घेतलं. महिन्यानं तिनं कळवलं, आता पाच बोटं चालतात, कोड अजून चालत नाही. सर म्हणाले, सुरुवात झाली.

आणि हजेरी. रोज साइट उघडली की एक ज्योत दिसायची, तिच्याशेजारी आकडा: सलग किती दिवस आलात. सरांच्या लेखी ती हजेरी होती आणि हजेरी म्हणजे काय हे त्यांना कोणी सांगायला नको होतं. भाच्याच्या लग्नाला बदनापूरला गेले तर लग्नाच्या मांडवात मोबाइलवर पाच मिनिटं पाठ करून आले. त्याआधी त्यांनी साइटला रजेचा अर्ज दिला होता. उत्तर आलं, 'तुमचा आवाज आमच्यापर्यंत पोहोचला.' मंजूर की नामंजूर ते त्यात नव्हतं, म्हणून सरांनी धोका पत्करला नाही.

असं सगळं वर्षभर सुरळीत चाललं होतं. आणि मग सर एकेचाळिसाव्या पाठावर अडकले.

म्हणजे मला आधी तसं वाटलं. सोमवारी एकेचाळीस. बुधवारी एकेचाळीस. पुढच्या आठवड्यातही तेच. मी मागे उभी राहून बघितलं, तर सर रुमालाखाली तो सगळा पाठ न अडखळता लिहून काढत होते. हिरवं झालं. पडद्यावर आलं, 'उत्तम. पुढील पाठाकडे जा.' सरांनी सगळं खोडलं आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरू केलं.

"सर, पुढं का जात न्हाई?"

"पक्कं करून राह्यलो."

तीन आठवडे झाले. जो माणूस दुसऱ्यांदा तोच धडा गिरवणाऱ्या पोराला म्हणायचा, आता पान उलटा की राव, तो एकाच पानावर बसून होता. एका शनिवारी मला सुट्टी होती, म्हणून मी खुर्ची ओढून शेजारी बसले. तेव्हा पडद्याच्या कोपऱ्यात दोन लहान गोल दिसले. एकात 'का', एकात 'श'. खाली लिहिलेलं: सोबती. दोघांच्याही पुढे पाठ एकेचाळीस. 'का'च्या खाली: पूर्ण. 'श'च्या खाली: अर्धवट. शेवटचे आले, तेवीस दिवसांपूर्वी.

"सर," मी म्हटलं, "हा श म्हणजे शबाना का?"

सरांचे हात रुमालाच्या आत थांबले. मग त्यांनी ते बाहेर काढले, चिमटे काढले, रुमालाची घडी घातली.

शबाना त्यांची मुलगी. एकुलती. मी आणि ती एकाच बॅचच्या, मशीनं शेजारी-शेजारी. माझा वेग चाळीस शब्दांचा, तिचा पंच्याहत्तरचा. दोघींनी परीक्षा दिली. मला त्याच्यावर नोकरी लागली. तिला नोकरी नको होती, तिला शहरात जाऊन कॉम्प्युटरची पदवी करायची होती. फॉर्म भरला, यादीत नाव आलं. आणि सरांनी नाही म्हटलं. घरात सहा मशीनं असताना बाहेर कशाला. दोन वर्षं ती इन्स्टिट्यूटमध्येच शिकवत होती, मग लग्न होऊन भोकरदनच्या पुढे पिंपळगाव रेणुकाईला गेली. नवऱ्याचं मोटार वाइंडिंगचं दुकान आहे. दोन मुली आहेत. आमचा सणावाराला फोन होतो.

"ती भांडली न्हाई," सर म्हणाले. "एक शब्द न्हाई. बोलायची, हसायची, ईदला यायची. पण त्या दिवसापासून तिनं माझ्याकडं काही मागितलं न्हाई. तुम्हाला कळतंय का बाई? साडी न्हाई, पोरींना खेळणं न्हाई, कुछ नहीं. सोळा वर्षं." त्यांनी रुमालाची घडी पुन्हा मोडली आणि पुन्हा घातली. "गेल्या वर्षी फोन आला. म्हणली, अब्बा, मैं एक चीज सीख रही हूँ, अकेले जमता नहीं, साइटवर सोबती घ्यायची सोय हाय. म्हणली, मेरे साथ सीखते क्या?"

मी खुर्ची जरा पुढे ओढली.

"मंग काय म्हणणार होतो मी? कोडिंग म्हणजे काय ते बी माहीत नव्हतं. हो म्हणलं."

तेवीस दिवसांपूर्वी शबानाची सासू अंगणात पडली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं. तेव्हापासून शबाना तिच्यापाशी बसून होती. तिला पडद्यावर दिसतं, सर म्हणाले, अब्बा कुठवर गेले ते. पुढं गेलो तर तिला वाटंल, गेले. म्हणून थांबलो.

"सर, एक फोन करा न तिला. थोडा वेळ काढ म्हणून सांगा. तुमचं ऐकल ती."

सरांनी माझ्याकडे बघितलं. "मी सांगू?" म्हणाले. "शीक म्हणून? मी?"

त्यानंतर आम्ही दुसरंच काहीतरी बोललो. मला आठवत नाही काय.

सोमवारी नऊ वाजता शटर खाली होतं. मी त्या गल्लीतून इतकी वर्षं जाते-येते, असं कधी पाहिलं नव्हतं. शटरवर कागद चिकटवलेला, टाइप केलेला, समास सोडून: 'संस्था काही कौटुंबिक कामानिमित्त बंद राहील.' किती दिवस ते लिहिलं नव्हतं. मी फोन लावला. मागून कोंबड्यांचा आवाज येत होता.

"पिंपळगावला आलोय. समधन पडल्या न, बघायला आल्तो."

"कधी येता सर?"

"बघू."

"अन् तुमची हजेरी?"

"गेली," सर म्हणाले आणि फोन ठेवला.

आठवडा गेला, दुसरा लागला. बाप लेकीच्या सासरी इतके दिवस राहत नाही. आमच्याकडे तर पाणी प्यायचं की नाही यावरही लोक विचार करतात. शेवटी एका शनिवारी मीच निघाले. मंठ्याहून जालना, तिथून भोकरदन, तिथून पुढे जीप. शबानाला पाहून चार वर्षं झाली होती, हे निमित्त पुरेसं होतं. रेणुकाईच्या देवळापाशी उतरून दुकान विचारलं, दुकानामागे घर. अडीच वाजले असतील.

ओसरीवर खाटेवर शबानाची सासू, खैरूनबी, उशांना टेकून बसवलेली. खाली चटईवर कादरसर, मांडीवर ताट, ताटात लसूण. सोलत होते. मला पाहून त्यांना जराही नवल वाटलं नाही. "बसा सुनंदाबाई," म्हणाले, इन्स्टिट्यूटमध्ये म्हणायचे तसंच. "दोन ते चार शबानाची वेळ. तवर इथं मी. मधी जायचं न्हाई."

आतल्या खोलीच्या दाराला पडदा होता.

खैरूनबीनं माझ्याकडे तक्रार सुरू केली. "देखो, ये आदमी मेरे को अखबार पढ़ के सुनाता, और हर लाइन में छापनेवाले की गलती निकालता. खबर क्या है वो आखिर तक समझती नहीं मेरे को." मग ताटाकडे बोट करून, "लसन भी सीधी लाइन में रखता." खरंच, सोललेल्या पाकळ्या ताटात रांगेनं लावलेल्या होत्या. तक्रार संपवून तिनं पाणी मागितलं. ते माझ्याकडे नाही, सरांकडे. सर गुडघ्यावर हात टेकून उठले, पाणी दिलं, उशी सरळ केली, पुन्हा बसले.

आतून टायपिंगचा आवाज येत होता. मी बोलायला लागले तर सरांनी हात वर केला.

"अडली," म्हणाले.

"कशावरून?"

"ऐका न. एकाच बोटाचा आवाज. टक, टक, टक. खोडून राह्यली. चौथ्यांदा खोडलं."

मी ऐकलं. मला सगळं सारखंच वाटत होतं. सरांनी ताट बाजूला ठेवलं, उठायला एक हात जमिनीला लावला. तसेच अर्धे उठलेले थांबले. मग हळूच खाली बसले.

"जा न सर. तुम्हाला येतो तो पाठ."

"न्हाई." त्यांनी ताट परत मांडीवर घेतलं. "तिचं तिला सापडू द्या."

आवाज पूर्ण बंद झाला. बाहेर दुकानात कोणीतरी लोखंडावर हातोडी मारत होतं, तीही नेमकी तेव्हा थांबली. सर पडद्याकडे बघत नव्हते. ते जमिनीकडे बघत होते, आणि त्यांच्या उजव्या हाताची बोटं ताटाच्या कडेवर हलकी हलकी हलत होती.

मग आत एकदम दहाही बोटं सुरू झाली. सरसर, न थांबता, एकाला दुसरं खेटून. पंच्याहत्तरचा वेग मला ओळखता आला.

"चली गाड़ी," खैरूनबी म्हणाली आणि तिनं डोळे मिटले.

थोड्या वेळानं पडदा बाजूला झाला. शबाना दारात आली. मला पाहिलं, धावत येऊन गळ्यात पडली, किती वाळलीस म्हणाली, चहा ठेवते म्हणाली. मग वळून सरांकडे बघितलं.

"अब्बा, हो गया इकतालीस."

"मालूम."

"बयालीस खुल गया." ती थांबली. "आपका तो कबका हो गया था ना. इतने दिन वहीं क्यों बैठे थे?"

"ऐसेच," सर म्हणाले.

ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत ती तिथेच उभी राहिली, आणि मला वाटलं आता ती चहाचं काहीतरी बोलून आत जाईल. ती म्हणाली, "तो मैं जाऊँ आगे?"

सरांनी मान वर केली नाही. ताटातली एक पाकळी उचलली. "जा," म्हणाले. "तू जा. मैं आता पीछे से."

ती पाकळी आधीच सोललेली होती. ते ती पुन्हा सोलत बसले.